‘सावत्र बाप’ या शब्दात सवत कुठून आली? एकल आई, दुसरे लग्न आणि मुलाचे कागद

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव बाकीच्या महाराष्ट्राला वर्षातून एकदा आठवते, ते राजवाडी होळीला. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतून आलेले हजारो लोक रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. काठी हे एके काळी खानदेशातल्या सहा मेवासी संस्थानांपैकी एक होते.

होळीच्या फोटोंत जी गोष्ट दिसत नाही, ती इथल्या घरांत दिसते. भिल्ल आणि पावरा समाजात नवरा वारला किंवा संसार मोडला, तर बाईने दुसरे घर करणे ही रूढीला मान्य असलेली गोष्ट आहे. आईचे बोट धरून लहान मूल नव्या घरात जाते, तिथल्या माणसाला बाबा म्हणू लागते. गावाला यात फारसे विचारण्यासारखे काही वाटत नाही.

प्रश्न सुरू होतो तो शाळेच्या दाखल्यावर, जातीच्या प्रमाणपत्रावर आणि योजनेच्या अर्जावर. तिथे एक रकाना असतो: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अविवाहित. आणि दुसरा रकाना असतो: वडिलांचे नाव. ‘मुलाला वाढवणारा माणूस’ असा रकाना कुठेच नसतो.

एकल आई आणि सावत्र बाप यांच्याबद्दल मराठी भाषा काय म्हणते, रूढी काय म्हणते आणि कायदा काय म्हणतो, हे सविस्तर पाहू.

मराठीत बाईच्या वैवाहिक स्थितीसाठी किती शब्द आहेत?

पुरुषाच्या नावामागे ‘श्री.’ लागते, ते लग्नाआधीही आणि लग्नानंतरही. बायको वारली तरी ‘श्री.’ बदलत नाही. ‘विधुर’ हा शब्द आहे, पण तो कोणी पत्रिकेवर नावामागे छापत नाही. बाईच्या बाबतीत मात्र प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे.

• कुमारी (कु.): लग्न न झालेली.

• सौभाग्यवती (सौ.): जिचा नवरा हयात आहे ती. घरगुती भाषेत सवाष्ण. हा शब्द ‘सुवासिनी’वरून आला.

• श्रीमती: मराठी वापरात बराच काळ हा शब्द विधवेसाठी राखीव असल्यासारखा होता. आता लग्नाचा उल्लेख नको असेल तेव्हाही तो सर्रास वापरतात.

• गंगाभागीरथी (गं. भा.): विधवेच्या नावामागे लावायचे जुने उपपद.

• घटस्फोटिता: न्यायालयातून किंवा रूढीने वेगळी झालेली.

• परित्यक्ता: नवऱ्याने सोडलेली. बोलीत ‘टाकलेली’.

• कुमारी माता: लग्नाशिवाय आई झालेली. हा प्रामुख्याने सरकारी आणि वृत्तपत्री शब्द आहे.

• एकल महिला: गेल्या काही वर्षांत रुळलेला शब्द. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता आणि अविवाहित अशा सगळ्यांना तो एकत्र घेतो.

यादी वाचली की एक गोष्ट लक्षात येते. शेवटचा शब्द सोडला, तर बाकीचे सगळे शब्द नवऱ्याच्या हिशेबाने बनले आहेत: तो आहे, नाही, गेला, की त्याने टाकले. ‘नांदणे’ हे क्रियापदही तसेच. ‘ती नांदते का?’ असे विचारतात. ‘तो नांदतो का?’ असे विचारले तर घरजावयाची थट्टा वाटते.

हे मराठीचेच वैशिष्ट्य आहे असे नाही. झिम्बाब्वेतील शोना भाषेत लग्नाच्या वयाच्या मुलीला ‘म्हांदारा’, पदरी मूल असून नवरा नसलेल्या बाईला ‘म्वाना’ आणि विधवेला ‘चिरिकाद्झी’ म्हणतात. तिथेही लग्नात मुलाकडचे लोक मुलीच्या घरी ‘रोरा’ देतात आणि ते दिले की मुले बापाच्या कुळाची, असा रूढीचा हिशेब असतो. सातपुड्यात मुलाकडून मुलीच्या घरी ‘देज’ दिले जाते. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन समाजांत प्रश्न एकच उरतो: लग्न मोडल्यावर बाई कोणाची आणि मूल कोणाचे?

‘सावत्र’ हा शब्द आला कुठून?

संस्कृतात ‘सपत्नी’ म्हणजे एकाच नवऱ्याची दुसरी बायको. त्यावरून मराठीत ‘सवत’ आली. ‘सपत्नी’वरूनच ‘सापत्न’ हे विशेषण झाले आणि ‘सावत्र’ त्याच घराण्यातला शब्द मानला जातो. ‘सापत्नभावाची वागणूक’ असे आजही राजकीय भाषणांत ऐकू येते.

म्हणजे ‘सावत्र’ या शब्दाच्या पोटात सवत आहे. सावत्र आई म्हणजे आईची सवत. सावत्र भाऊ म्हणजे सवतीचा मुलगा. इथपर्यंत अर्थ जुळतो. पण सावत्र बाप? त्याच्या बाबतीत सवतीचा संबंधच येत नाही. आईने दुसरे लग्न केले, एवढेच झालेले असते. शब्द मात्र सावत्र आईसाठी घडवलेला होता, तोच पुढे बापालाही लावला गेला.

यामागचे कारण उघड आहे. ज्या घरांत पुस्तकी भाषा घडली, त्या घरांत पुरुष दोन-तीन लग्ने करत आणि विधवेला दुसरे लग्न करता येत नसे. तिथे सावत्र आया भरपूर होत्या, सावत्र बाप नव्हतेच. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाला ‘बिजवर’ म्हणत. तो दुसऱ्यांदा असला तरी ‘वर’च होता. बाईच्या दुसऱ्या लग्नाला मात्र ‘लग्न’ म्हणत नसत.

शेजारच्या गुजरातीत या नात्यासाठी वेगळा शब्द आहे. आई दुसऱ्या घरी जाताना सोबत घेऊन जाते त्या मुलाला तिथे ‘आंगळियात’ म्हणतात, म्हणजे बोट धरून आलेले. जोसेफ मॅकवान यांच्या ‘आंगळियात’ या कादंबरीला १९८९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अक्कलकुवा तालुका गुजरातच्या सीमेला लागून आहे. शब्द हिणवण्यासाठीही वापरला जातो, पण त्यात निदान सवत नाही. त्यात आई आहे आणि तिचे बोट आहे.

लग्न नाही, तर मग पाट म्हणजे काय?

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शेतकरी, कारागीर आणि दलित जातींत विधवेचे किंवा नवऱ्यापासून सुटलेल्या बाईचे दुसरे लग्न पूर्वापार होत आले आहे. त्याला पाट किंवा मोहतूर म्हणत. खानदेश-नाशिककडे ‘गंधर्व’ हा शब्दही चालतो. हा विधी साधा असे, बहुधा रात्री आणि वाजतगाजत नाही. मराठेशाहीत पाट लावण्यावर ‘पाटदाम’ नावाची पट्टीही वसूल होत असे. म्हणजे सरकारदरबारी या नात्याची नोंद होती.

सुटका करून घेण्यासाठीही शब्द होते. काडीमोड आणि फारकत हे त्यातले ठळक. यांपैकी काडीमोड हा सरळ रोजच्या जगण्यातून आलेला: काडी मोडली, नाते संपले. ‘घटस्फोट’ हा आजचा प्रतिष्ठित शब्द मात्र मुळात लग्नाशी संबंधित नव्हता. धर्मशास्त्रात जातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या नावाने घडा फोडण्याचा विधी होता, त्याला घटस्फोट म्हणत.

पाटाची बाई दुय्यम मानली जाई, हे खरे. तिला काही मंगलकार्यांत मान नसे. पण ती घरात होती, तिचे मूल घरात होते आणि जातपंचायत त्या नात्याला साक्षी होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई हायकोर्टासमोर अशी प्रकरणे येऊ लागली, तेव्हा न्यायालयाने जातपंचायतीचा लग्न मोडण्याचा अधिकार काही निकालांत नाकारला. १८७६ च्या एका गाजलेल्या निकालाने पंचांनी दिलेली सोडचिठ्ठी आणि पुनर्विवाहाची परवानगी अमान्य केली. गावाने मान्य केलेले नाते कागदावर मात्र बेकायदा ठरू शकते, याचा अनुभव बायकांना तेव्हापासूनचा आहे.

१८५६ च्या कायद्याने आईला काय दिले आणि काय काढून घेतले?

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. सुधारणेचा मोठा टप्पा म्हणून तो शाळेत शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यातली दोन कलमे सहसा शिकवली जात नाहीत. दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. तिसऱ्या कलमाने मृत नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज न्यायालयात करण्याची वाट दिली होती. म्हणजे लग्न करायला परवानगी होती, पण जमीन जाणार होती आणि मूलही जाऊ शकत होते. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. त्याआधीच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने चित्र बदलले होते.

ज्या घरांत पाटही चालत नसे, तिथल्या विधवांची स्थिती आणखी बिकट होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते यासाठीच. गरोदर राहिलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे किंवा घेऊन जावे, असे आवाहन होते. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांवर उपचार करताना सावित्रीबाईंच्या बरोबर उभा राहिला.

यातला एक तपशील आजच्या प्रश्नाला थेट भिडतो. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून यशवंतच्या हक्काची तजवीज केली. प्रेमाने वाढवणे पुरेसे होते, पण रक्ताचे नाते नसताना वारसा सांगायला कागद लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

आजचा कायदा सावत्र बापाला काय मानतो?

थोडक्यात सांगायचे तर फारसे काही मानत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सहावे कलम नैसर्गिक पालक कोण ते सांगते आणि त्याच कलमात स्पष्टीकरण आहे की ‘पिता’ आणि ‘माता’ या शब्दांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत. वारशातही तेच. सावत्र बाप मृत्युपत्र न करता वारला, तर सावत्र मुलगा किंवा मुलगी केवळ त्या नात्याने त्याची वारस ठरत नाही. आईच्या मालमत्तेत मात्र तिच्या सर्व मुलांचा हक्क असतो, मग ती पहिल्या लग्नाची असोत की दुसऱ्या.

जन्मदात्या बापाची जबाबदारीही संपत नाही. आईने दुसरे लग्न केले तरी मुलाच्या पोटगीचा दावा त्याच्यावर करता येतो. मूल लग्नाशिवाय झालेले असले तरी हाच नियम आहे.

नाते कायद्याने पक्के करायचे असेल, तर दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट दत्तकाची. बालन्याय कायदा २०१५ आणि दत्तकविधान नियमावली २०२२ नुसार सावत्र पालकाला मूल दत्तक घेता येते. त्यासाठी जन्मदात्या बापाची संमती किंवा ती मिळत नसेल तर नियमात सांगितलेली मंजुरी लागते. मूल पाच वर्षांहून मोठे असेल तर त्याचेही मत विचारले जाते. आदेश जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. एकदा दत्तक झाले की मूल वारसासह सर्व बाबतींत त्या बापाचे होते.

दुसरी वाट मृत्युपत्राची. स्वकष्टार्जित मालमत्ता कोणाला द्यायची हे माणूस स्वतः ठरवू शकतो.

न्यायालयांनी आईबद्दल काय म्हटले आहे?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आईचे स्थान टप्प्याटप्प्याने भक्कम झाले आहे.

१९९९ मध्ये गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पालकत्वाच्या कायद्यातील ‘पित्याच्या नंतर माता’ याचा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ एवढाच होत नाही. बाप लक्ष देत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक असते.

२०१५ मध्ये एका अविवाहित आईच्या अर्जावर न्यायालयाने निर्णय दिला की मुलाचे पालकत्व मिळवण्यासाठी तिला बापाचे नाव उघड करण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही.

जुलै २०२२ चा निकाल थेट सावत्र बापाबद्दल होता. आंध्र प्रदेशातील एका स्त्रीचा नवरा मूल अडीच महिन्यांचे असताना वारला. तिने दुसरे लग्न केले आणि मुलाला नव्या नवऱ्याचे आडनाव दिले. आजी-आजोबा न्यायालयात गेले. हायकोर्टाने जुने आडनाव परत लावायला आणि कागदांवर दुसऱ्या नवऱ्याचा उल्लेख ‘सावत्र पिता’ असा करायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कागदावर ‘सावत्र’ असे लिहायला लावणे जवळजवळ क्रूर आणि अविचारी आहे, ते मुलाच्या मनावर सतत ओरखडा ओढत राहील, असे न्यायालयाचे म्हणणे होते. वडील हयात नसतील तर मुलाचे आडनाव ठरवण्याचा हक्क आईचा आहे, हेही स्पष्ट झाले.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर नावाचा क्रम बदलला: मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कागदावर आई बापाच्या आधी येऊन बसली, ही साधी गोष्ट नाही.

मग काठीत हे सगळे लागू होते का?

इथे खरी गुंतागुंत आहे. वर उल्लेख केलेले हिंदू विवाह, वारसा, दत्तक आणि पालकत्वाचे कायदे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच ते लागू होतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल आणि त्यांच्याच नोंदीत मेवासी भिल्ल, तडवी भिल्ल, पावरा, वसावे येतात. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे काठीच्या बहुतेक घरांत लग्न, सुटका आणि वारसा रूढीने चालतो. ‘पेसा’ कायदा १९९६ मध्ये आला. या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा आणि रूढीनुसार तंटे सोडवण्याचा अधिकारही मान्य केला.

बालन्याय कायदा, पालक व पाल्य कायदा १८९० आणि पोटगीची फौजदारी तरतूद हे मात्र सर्वांना लागू आहेत. विशेष विवाह कायदा १९५४ खाली नोंदणी करण्याची वाटही खुली आहे.

रूढीने सुटका कशी होते? तपशील समाजागणिक आणि भागागणिक वेगळे आहेत, पण साचा ओळखीचा आहे. दोन्हीकडचे लोक आणि गावचे पंच बसतात. पहिल्या लग्नात दिलेल्या देजाचा हिशेब होतो. बाईला दुसऱ्या घरी जायचे असेल, तर नव्या घराकडून पहिल्या नवऱ्याला भरपाई दिली जाते. तोंडी निर्णय होतो आणि तो सर्वांना बांधील असतो. लहान मुले आईबरोबर जातात, पण कूळ सहसा बापाचेच राहते.

याचा अर्थ तिथे बाईचे सगळे छान चालले आहे, असा नाही. देजाची परतफेड होत नाही म्हणून बाई अडकून पडते. सातपुड्यात एकट्या, विशेषतः विधवा बाईवर ‘डाकीण’ असल्याचा आळ घेण्याचे प्रकार घडत आले आहेत आणि त्यामागे अनेकदा जमिनीचा वाद असतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार अशा वेळी घेता येतो. आदिवासी समाजात ‘कुमारी माता’ हा प्रश्न नाहीच, असेही नाही. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुका याच कारणाने वर्षानुवर्षे बातम्यांत राहिला. बाहेरून आलेल्या ठेकेदार, व्यापाऱ्यांनी मुलींना फसवून सोडून दिल्याच्या त्या कहाण्या आहेत. ज्या पुरुषाला पंचांसमोर बसवता येत नाही, त्याच्यापुढे रूढीचे काही चालत नाही.

कागद कुठे अडतो?

समजा, काठीजवळच्या एखाद्या पाड्यावरची बाई. पहिल्या नवऱ्याशी पटले नाही, पंच बसले, ती दोन वर्षांच्या मुलीला घेऊन दुसऱ्या घरी आली. मुलगी आता दहावीत आहे. नव्या बापानेच तिला शाळेत घातले.

शाळेत नाव घालताना त्याने स्वतःचेच नाव आणि आडनाव लावले. त्यात लपवाछपवी नव्हती. त्याच्या दृष्टीने ती त्याचीच मुलगी आहे. पण पुढे जातवैधता प्रमाणपत्र काढायची वेळ येते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात आणि ते प्रामुख्याने वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकांचे असावे लागतात. दाखल्यावर एक बाप, वंशावळीत दुसरा. दोघेही त्याच जमातीचे असले तरी कागदांची साखळी तुटते आणि मुलीला कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात.

आई आदिवासी आणि जन्मदाता बाप बिगरआदिवासी असेल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नाईका यांच्या खटल्यात दिलासा दिला. मुलाची जात बापाची असते हे गृहीतक अटळ नाही. आईने आपल्या समाजात वाढवले, त्या समाजाचे हाल आणि वागणूक मुलाच्या वाट्याला आली, हे दाखवता आले तर आईची जमात मुलाला मिळू शकते.

आईचाही कागद अडतो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये आली, तेव्हा विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातील एक अविवाहित महिला अशा पात्र गटांची नावेच जाहीर झाली. २०२५ मध्ये ई-केवायसीसाठी पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांना दोघेही नाहीत त्या बायका अडकल्या. ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश देण्याची सोय केली गेली. पण ज्या बाईची सुटका पंचांसमोर तोंडी झाली, तिच्याकडे घटस्फोटाचा आदेश कुठून येणार? समाजाच्या नजरेत ती रीतसर सुटलेली आहे आणि कागदाच्या नजरेत अजून पहिल्याच नवऱ्याची आहे.

यावर काय करता येते?

• मुलाच्या जन्माची नोंद वेळेवर करून घेणे आणि जन्मदाखल्यावरची नावे नंतरच्या प्रत्येक कागदाशी जुळवत राहणे.

• पंचांसमोर सुटका झाली असेल, तर तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या किंवा अंगठे आणि साक्षीदार यांसह निर्णय लिहून घेणे. असा कागद न्यायालयाच्या आदेशाची जागा घेत नाही, पण रूढी सिद्ध करायची वेळ आली तर पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

• शाळेत नाव बदलण्याआधी जातवैधतेचा विचार करणे. आडनाव बदलले तरी जन्मदात्या बापाकडच्या नातेवाइकांचे जुने दाखले, सातबारा, शाळेचे उतारे यांच्या प्रती आईने जपून ठेवणे.

• सावत्र बापाला मुलाला हक्क द्यायचा असेल, तर रीतसर दत्तक किंवा मृत्युपत्र करणे. दत्तकासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करता येते. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरावर वेगळी बंधने आहेत, त्यामुळे त्याबाबत आधी तहसील कार्यालयात विचारणे योग्य.

• क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती घेणे. एक पालक गमावलेल्या किंवा सोडून दिलेल्या, घटस्फोटित, अविवाहित आईच्या मुलांना या योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात.

• वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जाणे. महिलांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

शब्द बदलून काही बदलते का?

एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याच्या प्रस्तावावर चर्चा करण्याचे पत्र खात्याला दिले. त्यावर टीकेची झोड उठली. नाव गोड झाले तरी बाई ओळखली जाणार नवऱ्याच्या मरणानेच, असा बहुतेकांचा आक्षेप होता. निर्णय झालेला नाही, असे मंत्र्यांना सांगावे लागले.

याच्या एक वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने दुसरी वाट धरली होती. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव गावाने केला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले. तिथे शब्दाला हात लावला नाही, वागणूक बदलली.

शब्द चळवळीतूनही येतात. संगमनेरमध्ये १९८८ पासून ॲड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने सोडलेल्या बायकांना एकत्र आणले, तेव्हा ‘परित्यक्ता’ हा शब्द घराघरातल्या लपवलेल्या दुःखाचे सार्वजनिक नाव झाला. रेशनकार्ड, पोटगी, घर हे प्रश्न त्या नावाने मांडता आले. पुढे करोनाकाळात हजारो बायकांचे नवरे गेले आणि ‘एकल महिला’ हा शब्द संघटनांपासून शासनाच्या कागदांपर्यंत पोचला. या शब्दात नवऱ्याने काय केले हे नाही. बाई एकटी घर चालवते, एवढेच आहे.

सावत्र बापासाठी असा शब्द मराठीत अजून आलेला नाही. जुना शब्द सवतीच्या घरातून आलेला आणि कायद्याचे कलम ‘हा बाप नव्हे’ असे सांगणारे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुचवले ते त्यातल्या त्यात सोपे आहे: आईची इच्छा असेल, तर कागदावर मुलाच्या बापाच्या जागी त्याचे नाव लिहावे आणि त्याआधी ‘सावत्र’ लावू नये. काठीच्या पाड्यावरचे मूल तसेही त्याला बाबाच म्हणते.